खिडकीच्या आतल्या बाजूला

ऑगस्ट २०२२. सुरगाण्याहून एक बाई आणि तिचा मुलगा आले होते. मुलाला मायग्रेशन हवं होतं, म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र. सुरतेच्या एका कॉलेजात त्याला पुढचा प्रवेश मिळत होता आणि त्या कागदावाचून काम अडलं होतं. दुपारचे साडेतीन वाजले होते. अर्ज बरोबर होता, चलन भरलेलं होतं, फक्त सही करणारे अधिकारी मीटिंगला गेले होते. मी मान वर न करता म्हणाले, "उद्या या." बाई म्हणाली, "मॅडम, उद्या म्हंजे आजची रात कुठं काढायची?" मी म्हणाले, "नियम आहे." असा कुठलाही नियम नव्हता. ती दोघं खिडकीपासून बाजूला झाली आणि मी पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला.

रात्री भांडी घासताना ती बाई आठवली. सुरगाण्याहून एसटीने येणं, मग सिटी बस, मग आमच्या रांगेत दीड तास. हे सगळं मला पाठ आहे. पहिल्या पाच-सात वर्षांत अशा कुणाला मी रिकाम्या हाती परत पाठवलं नसतं. सही घ्यायला मीटिंग हॉलच्या दाराशी जाऊन उभी राहिले असते, तशी पुष्कळदा राहिलेही आहे. त्या दिवशी मला उठावंसं वाटलं नाही, आणि न उठल्याचं वाईटही वाटलं नाही. भांडी ठेवून मी ओट्याला टेकून उभी राहिले. वाईट वाटलं नाही, याचीच भीती वाटली.

मी नाशिकच्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी सुविधा केंद्रात काम करते. २००८ साली कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. आता कक्षाची जबाबदारी माझ्याकडे आहे, पण खिडकीवर बसणं सुटलेलं नाही. नाशिकला १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे, १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, शिवाय इतर विद्यापीठं, केंद्रं, कॉलेजं वेगळी. म्हणजे खिडकीच्या आत बसणारी माणसं या शहरात पुष्कळ आहेत. माझं कार्यालय कोणतं ते सांगत नाही, कारण जे लिहितेय ते कुठल्याही काउंटरवर घडतं.

आमच्याकडे येतात कोण? निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबागायतदारांची मुलं येतात आणि त्याच बागेत मजुरीला जाणाऱ्यांचीही येतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरून येणारी, घरातली पहिलीच शिकणारी मुलं येतात. सातपूर-अंबडला पाळीत काम करून शिकणारी मुलं रात्रपाळी संपवून सकाळी सरळ रांगेत उभी राहतात, डोळे लाल असतात. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची एक फाईल असते आणि त्या फाईलमध्ये घरातल्या सगळ्यांच्या आशा असतात. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, यातला एकेक कागद मिळवायला वडिलांनी किती खाडे केलेत हे त्या मुलांना ठाऊक असतं.

आणि ती काय विचारतात? निकाल राखीव का दाखवतोय. गुणपत्रक कधी येणार. पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, चुकलाय, नावातला एक काना राहिलाय, आईचं नाव वेगळं छापलंय. पुनर्मूल्यांकनाचं काय झालं. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवरून, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून, परत का आला. यातलं नाव दुरुस्त करणं माझ्या हातात आहे. निकाल राखीव ठेवणं माझ्या हातात नाही. त्यामागे बहुतेक वेळा कॉलेजकडून अंतर्गत गुण आलेले नसतात, नाहीतर पात्रतेची फाईल कुठे तरी थांबलेली असते. गुणपत्रकाची छपाई माझ्या हातात नाही. शिष्यवृत्तीचे पैसे तर नाहीतच नाहीत. पण विचारायला माणूस येतो तो माझ्यापाशी. चिडतो माझ्यावर, रडतो माझ्यासमोर. परीक्षा विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे, तिथे विद्यार्थ्यांना प्रवेश नाही. समोर खिडकी एकच, आणि तिच्यात मी.

त्या वर्षी हे फार वाढलं होतं. करोनानंतर परीक्षा पुन्हा वर्गात बसून सुरू झाल्या, वेळापत्रकं एकमेकांवर चढली, निकाल मागे पडले. आमच्या कक्षात मंजूर जागांपैकी दोन रिकाम्या होत्या. माझा स्वतःचा मोबाईल नंबर लॉकडाऊनच्या काळात विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर गेला होता. तेव्हा तो द्यायलाच हवा होता, त्याचं दुःख नाही. पण तो परत घेता आला नाही. रात्री साडेअकराला मेसेज यायचा, "मॅडम जागे आहात का, फॉर्म सबमिट होत नाहीये." मी जागी असायची. उत्तर द्यायची. मग झोप लागायची नाही.

मराठीत थकण्याला शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकसारखे नाहीत. शीण झोपेने जातो. वैताग रविवारी उतरतो, कुणाशी तरी बोललं की हलका होतो. उबग मात्र वेगळा. तो आला की ज्या गोष्टीवर आपलं प्रेम होतं तीच नकोशी होते, आणि झोपून उठलं तरी तो उशाशी बसलेला असतो. मला उबग आला होता आणि मी त्याला शीण समजत होते. म्हणून उपायही शिणावरचेच केले.

आठ दिवसांची रजा घेतली. वणीला सप्तशृंगीला गेलो, दोन दिवस माहेरी राहिले. छान वाटलं. सोमवारी कामावर आले तर टेबलावर आठ दिवसांचे अर्ज तसेच. माझं काम दुसऱ्या कुणाकडे सोपवलेलं नव्हतं, ते फक्त साठत गेलं होतं. बुधवारपर्यंत मी रजेच्या आधी होते तिथेच होते. मग गंगापूर रोडला सकाळी चालायला जायला लागले, प्राणायाम सुरू केला. कार्यालयाने ताणमुक्तीवर एक दिवसाची कार्यशाळा ठेवली, तिथे डोळे मिटून बसवलं. व्याख्यात्याचा हेतू चांगला होता. पण डोळे उघडले तेव्हा रांग तिथेच होती, आणि त्या दिवशी खिडकी बंद ठेवल्यामुळे दुसऱ्या दिवशी दुप्पट झाली. चालणं मी अजून सोडलेलं नाही, त्याचा उपयोग होतो. फक्त ते माझ्या दुखण्यावरचं औषध नव्हतं.

घरी लेक तेव्हा दहावीला होती. एकदा ती गणिताचं काही विचारत होती आणि मी म्हणाले, "थांब, एक एक करून बोल, आधी काय हवंय ते सांग." ती वही मिटून म्हणाली, "आई, तू माझ्याशी पण खिडकीतूनच बोलतेस." यावर मला उत्तर सुचलं नाही.

आमच्या काउंटरवर एक चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो, टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांक छापलेल्या. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची हेल्पलाईन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. परीक्षेच्या काळात घाबरलेल्या मुलांना मी ती चिठ्ठी देत असे. डिसेंबरातल्या एका रात्री तीच चिठ्ठी पर्समध्ये सापडली आणि मी बाल्कनीत जाऊन फोन लावला. मी काही वाईट विचारात नव्हते, पण मला कुणाशी तरी विद्यार्थी सेवेतली मॅडम म्हणून न बोलता बोलायचं होतं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सुचवलं की समोर बसून कुणाला तरी भेटा. जानेवारीपासून मी शरणपूर रोडजवळच्या एका समुपदेशकांकडे दर पंधरा दिवसांनी जायला लागले. पाच-सहा वेळा गेले असेन.

त्यांनी मला पहिल्याच भेटीत जे सांगितलं त्याने मोठा आधार वाटला. बर्नआउट हा शब्द आज सगळीकडे आहे, पण त्याची सुरुवात कुठे झाली? न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ एका मोफत दवाखान्यात काम करत होते. तिथे मनापासून राबणारे स्वयंसेवक काही महिन्यांत कोरडे पडत जाताना त्यांनी पाहिले, स्वतःतही तेच पाहिलं, आणि १९७४ मध्ये त्यावर लिहिलं. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी माणसांची सेवा करणाऱ्या नोकऱ्यांमध्ये याचा अभ्यास केला आणि १९८१ मध्ये ते मोजण्याची प्रश्नावली तयार झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची व्याख्या दिली, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात हा आजार म्हटलेला नाही, कामाशी निगडित घटना म्हटली आहे, आणि तिच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती आटून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं.

तिसरी खूण ऐकून मी बराच वेळ गप्प बसले होते. आधीच्या दोन मला ठाऊक होत्या. पण दिवसाला शंभर माणसांशी बोलून संध्याकाळी "आज आपण काय केलं?" या प्रश्नाला उत्तर नसणं, हे सुद्धा त्यातच येतं हे माहीत नव्हतं. मी ते माझ्या आळशीपणाच्या खात्यात टाकत होते.

दुसऱ्या भेटीत त्यांनी एक काम दिलं. एक वही करा, तीन रकाने पाडा. खिडकीवर येणारा प्रत्येक प्रश्न तीनपैकी एका रकान्यात फक्त एक रेघ मारून नोंदवा. पहिला रकाना, माझ्या हातात आहे. दुसरा, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे. तिसरा, कुणाच्या हातात आहे हेच मला माहीत नाही. तीन आठवडे मी रेघा मारल्या. निम्म्याहून जास्त रेघा दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात होत्या. पहिल्या रकान्यातली कामं केल्यावर मी दमत होते, पण त्यांचा त्रास होत नव्हता, उलट त्या कामांनी बरं वाटत होतं. पिळून निघत होते ती उरलेल्या रेघांमुळे. जे माझ्या हातात नाही त्याचं उत्तर दिवसभर माझ्या तोंडाने देत राहणं, हे माझं दुखणं होतं.

यावर कुणी म्हणेल, मग सरळ सांगायचं की आमच्याकडे नाही, वरती विचारा. तसं सांगणारे पुष्कळ आहेत आणि ते काही दिवसांनी दगड होतात. मला तसं व्हायचं नव्हतं. सुरगाण्याच्या बाईला मी जे सांगितलं ते तेच होतं.

म्हणून आधी तिसरा रकाना रिकामा करायला घेतला. जे माहीत नाही ते माहीत करून घ्यायचं. दुपारी जेवणानंतरचा अर्धा तास मी विभागाविभागात फिरले. परीक्षा विभागातल्या एका सरांनी निकाल राखीव राहण्याची कारणं मला कागदावर लिहून दिली, प्रत्येक कारणापुढे कुणी काय पाठवलं की ते सुटतं तेही. आवक-जावकच्या काकांनी फाईल कुठून कुठे जाते ते सांगितलं. त्यांना तीस वर्षांची चाल पाठ आहे, कुणी विचारलं नव्हतं इतकंच.

शिष्यवृत्तीचं एक उदाहरण सांगते, कारण याने कितीतरी फेऱ्या वाचल्या. मुलं येऊन सांगायची, महाडीबीटीवर पैसे दिले असं दिसतंय पण खात्यात नाहीत. कॉलेज म्हणतं आम्हाला माहीत नाही, बँक म्हणते आम्हाला माहीत नाही. खरी गोष्ट अशी की हे पैसे आधारवरून जमा होतात, आणि आधारशी जे खातं सगळ्यात शेवटी जोडलेलं असेल त्यात जातात. मुलाच्या डोक्यात कॉलेजजवळ उघडलेलं खातं असतं, पासबुकही त्याचंच असतं. पण आधार जोडलेलं असतं शाळेत असताना गावच्या बँकेत काढलेल्या खात्याला, आणि पैसे तिथे पडून असतात. कुठली बँक जोडली आहे ते आधारच्या संकेतस्थळावर मोबाईलवरून पाहता येतं. आम्ही ही चार वाक्यं मोठ्या अक्षरात छापून खिडकीशेजारी लावली. पेठ तालुक्यातल्या एका मुलाने तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर तपासलं आणि ओरडला, "मॅडम, ते जुन्याच खात्यावर हाय!" मला किती दिवसांनी हसू आलं ते सांगता येत नाही.

दुसऱ्या रकान्याचं काम अवघड होतं, कारण तिथे माझ्या मेहनतीने भागणार नव्हतं, कार्यालयाने काही बदलायला हवं होतं. मार्च २०२३ मध्ये मी आमच्या साहेबांना लेखी टिपणी दिली. तोंडी तर वर्षभर सांगतच होते. टिपणीत तीन मागण्या होत्या. खिडकी दुपारी एक तास बंद ठेवून तो वेळ फाईलींचा पाठपुरावा करायला द्यावा. एकाच माणसाने सलग सहा तास खिडकीवर न बसता पाळी लावावी. आणि प्रत्येक दाखल्यापुढे किती दिवस लागतील व कोणत्या टेबलावर तो आहे याचा फलक लावावा. सोबत वहीतल्या रेघांची बेरीज जोडली. आधी नकारच आला. खिडकी बंद ठेवली तर तक्रारी होतील, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. मी पुन्हा दिली. पाळी जूनपासून लागू झाली, दुपारचा तास सप्टेंबरात मिळाला. फलक सगळ्यात शेवटी लागला, कारण दिवस किती लिहायचे यावर विभागांचं एकमत होईना.

मध्ये एका गोष्टीने फार मदत केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे नवे विनियम काढले. त्यानुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी, तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा, आणि तिथे समाधान झालं नाही तर विद्यार्थ्याला विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे दाद मागता येते. तोपर्यंत विद्यार्थी चिडला की मी त्याला समजावत असे, "शांत हो, बघते मी." हे म्हणून मी त्याची तक्रार माझ्या डोक्यावर घेत होते आणि त्याचा हक्कही नकळत अडवत होते. आता मी अर्ज पुढे करते आणि सांगते, इथे लिही, पोच घे, क्रमांक जपून ठेव. तोंडी तक्रार खिडकीवरच्या माणसाची होऊन राहते, लेखी झाली की ती संस्थेची होते. सुरुवातीला काही सहकाऱ्यांना हे आवडलं नाही, आपल्याच लोकांविरुद्ध मी मुलांना उठवते असं वाटलं. पण कॉलेजकडून अंतर्गत गुण मागवायची पत्रं त्यानंतर लवकर निघू लागली, ती मी पाहिली आहेत.

मोबाईलचं प्रकरण मात्र सरळ सुटलं नाही. कार्यालयाचा एक फोन आम्ही मागून घेतला आणि माझा नंबर ग्रुपवरून काढला. संध्याकाळी सहानंतर उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. मार्चमध्ये, ऐन द्राक्षाच्या हंगामात, निफाडकडच्या एका मुलीने परीक्षेच्या फॉर्मसाठी शनिवारी रात्री माझ्या जुन्या नंबरवर तीन वेळा फोन केला. मी उचलला नाही. तिची मुदत त्या रात्री संपली आणि तिला विलंब शुल्क भरावं लागलं. दिवसभर बागेत काम करून तिने रात्री फॉर्म भरायला घेतला होता. सोमवारी ती आली तेव्हा रागावलेली नव्हती, "तुम्ही झोपल्या असाल मॅडम," एवढंच म्हणाली. ते शुल्क तिच्या आईची दोन-तीन दिवसांची मजुरी असेल. मी स्वतःला सांभाळायचं ठरवलं आणि त्याची किंमत तिने दिली. हे मला अजून बोचतं, आणि बोचतं याचं बरंही वाटतं. त्यातून आम्ही पुढची सोय केली: शेवटच्या तारखेच्या आधीचे दोन दिवस कार्यालयाचा फोन रात्री दहापर्यंत चालू, आणि तो पाळीने घरी न्यायचा. त्या दोन रात्री ज्याच्याकडे फोन असतो त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी नाही.

आता जे सगळ्यात जड आहे त्याबद्दल. निकालाच्या आठवड्यात कधी कधी एखादं मूल खिडकीपाशी येऊन असं काही बोलतं की आपल्या अंगावर काटा येतो. "आता जगून काय करू" हे वाक्य मी या नोकरीत चार-पाच वेळा ऐकलं आहे. पूर्वी मी त्याला आत बोलवायची, पाणी द्यायची, बोलत बसायची, आणि मग ते घरी घेऊन जायची. रात्रभर मनात, पोचला असेल का घरी. कुणाला सांगायची नाही, कारण त्या मुलाचं गुपित होतं. आता आम्ही पद्धत ठरवली आहे. त्याला एकटं सोडायचं नाही. चिठ्ठी हातात देऊन मोकळं व्हायचं नाही, आमच्या समुपदेशक मॅडमच्या खोलीपर्यंत सोबत चालत जायचं. त्या नसतील तर आपल्यासमोर १४४१६ लावून द्यायचा. घरच्या कुणाला बोलवायचं ते त्यालाच विचारायचं. आणि तो गेल्यावर जो सोबत होता त्याने लगेच खिडकीवर बसायचं नाही. दहा मिनिटं दुसऱ्या सहकाऱ्याबरोबर चहा, नाव न घेता जे झालं ते बोलून टाकायचं. ही दहा मिनिटं कुणी मंजूर केलेली नाहीत. आम्हीच घेतो. माझ्या मते बाकी सगळ्या उपायांहून या दहा मिनिटांनी आम्हाला जास्त वाचवलं आहे.

एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे खरं होणार नाही. मी हे सगळं मागू शकले कारण मी कायम नोकरीत आहे. माझ्या शेजारच्या खिडकीवर कंत्राटी मुलगी बसायची, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, कामाला माझ्याहून चपळ. तिचा करार ११ महिन्यांचा. ती साहेबांना टिपणी कशी देणार? "मॅडम, मी नाही म्हटलं तर पुढच्या वेळी नाव येणार नाही," ती म्हणायची, आणि मी तिला खोटं ठरवू शकत नव्हते. तिलाही तोच उबग आला होता. २०२३ च्या दिवाळीनंतर ती नोकरी सोडून गेली. पाळीच्या यादीत आम्ही आता कंत्राटी लोकांनाही सारखंच धरतो, दुपारचा तास त्यांनाही आहे. पण त्यांच्या मानेवरची तलवार आम्हाला काढता आलेली नाही, आणि जोवर ती आहे तोवर त्यांना काळजी घ्या म्हणून सांगायला माझी जीभ रेटत नाही.

मी पंचवटीत राहते. संध्याकाळी बसने उतरले की हल्ली सरळ घरी न जाता गोदाघाटावरून जाते, दहा मिनिटांची वाट वाकडी. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती आहे. बाहेरच्यांना तो फक्त मूर्ती वाटेल, आम्हा नाशिककरांचं ते पूर मोजायचं माप आहे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गावात क्युसेकचा आकडा कमी विचारतात, मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते जास्त विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. माझ्या सासऱ्यांनी एकदा समजावलं होतं की धरण भरेपर्यंत थांबून मग दारं उघडायची नसतात. वर पाऊस चालू असला की आधीपासून थोडं थोडं सोडत राहायचं असतं, म्हणजे खालच्या गावाला सावरायला वेळ मिळतो.

समुपदेशकांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, मग तुमचं माप ठरवा. मी ठरवलं. लेकीशी बोलताना आवाज सपाट झाला, की गुडघ्याला. रविवारी दुपारपासून सोमवारचं ओझं वाटायला लागलं, की कमरेला. आणि कारण नसताना "नियम आहे" हे शब्द तोंडून निघाले, की छातीला. कमरेला आलं की मी त्या आठवड्यात खिडकीची एक पाळी सोडून मागच्या टेबलावरचं काम मागून घेते, ते दुसऱ्या कुणाला तरी उचलावं लागतं आणि त्याच्या वेळी मी उचलते. आता आमच्या कक्षात हे शब्द सगळेच वापरतात. सकाळी कुणी गप्प दिसलं की आवक-जावकचे काका लांबूनच विचारतात, "काय, पाणी कुठपर्यंत?" आणि समोरचा खरं सांगतो.

गेल्या जूनमध्ये फलकाशेजारी आम्ही आणखी एक कागद लावला. सुरगाणा, पेठ, हर्सूल, कळवणकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्यांच्या वेळा त्यावर आहेत. एसटीच्या चौकशीवर जाऊन मी स्वतः लिहून आणल्या. दुपारी तीननंतर त्या बाजूचा विद्यार्थी रांगेत असेल तर त्याचा कागद आधी घ्यायचा, आणि त्या दिवशी होणार नसेल तर पत्ता लिहून घेऊन स्पीड पोस्टाने पाठवायचा. परत बोलवायचं नाही. पाकिटाचा खर्च कुठल्या शीर्षात टाकायचा यावरून हिशेब विभागाशी पत्रव्यवहार सुरू झाला, तो अजून चालू आहे.

परवा पावसात हर्सूलची एक मुलगी आली, ओढणीखाली फाईल धरून, केस गळत होते. चार वाजायला दहा मिनिटं होती. मायग्रेशनच हवं होतं. सही करणारे साहेब जाग्यावर नव्हते. मी तिला आतल्या बाकावर बसवलं, काकांना चहा सांगितला आणि कागद घेऊन जिना चढले.